मोत्यांची बुडी आणि कतारमधील कानांची वैद्यकी

कतारमधील कान-नाक-घसा वैद्यकाचा इतिहास रुग्णालयांपासून सुरू केला, तर त्यातील सर्वांत दुःखद भाग निसटून जातो. कारण विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत या द्वीपकल्पाची उपजीविका ज्या मोत्यांच्या बुडीवर उभी होती, तिचा पहिला घाव कानांवरच बसे. उन्हाळ्याचे महिने नाखुदाच्या, म्हणजे कप्तानाच्या, हुकमतीखाली गलबते शिंपल्यांच्या थरांवर नांगरून राहत. ‘घैस’ म्हणजे बुडी मारणारा दगडाच्या भाराने तळ गाठी आणि ‘सैब’ म्हणजे दोर धरणारा त्याला वर ओढून घेई.

सुमारे १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो आणि घसा व मध्यकर्ण यांना जोडणाऱ्या नळीतून हवा वेळीच आत गेली नाही, तर कानाचा पडदा आत ताणला जाऊन फाटतो. नाक मिटून श्वास कानांकडे रेटण्याच्या क्रियेचे वर्णन इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्साल्वा याने १७०४ मध्ये केले होते. घैसाच्या नाकावर ‘फिताम’ हा हाडाचा किंवा कासवाच्या कवचाचा चिमटा असल्याने ती त्याला साधण्याजोगी होती, परंतु दिवसभराच्या बुड्या आणि सर्दी यांपुढे ती अपुरी पडे, पडदा फाटे, कान वाहू लागत आणि कित्येकांना बहिरेपण येई. हंगामाआधी घेतलेल्या उचलीचे कर्ज डोक्यावर असल्याने वाहत्या कानानेही बुडी मारावीच लागे, हे या व्यवसायाचे क्रौर्य होय. मोत्यांचा मोठा भाग मुंबईच्या बाजारात येई आणि कतारमध्ये चलन रुपयाचेच होते. म्हणून मुंबईच्या मोतीबाजाराची भरभराट आणि या कानांची हानी यांचा हिशेब एकत्रच मांडायला हवा.

जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी हा व्यवसाय मोडला. १९४९ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली, १९५७ मध्ये दोह्यात रुमैला रुग्णालय उघडले, तर १९७९ मध्ये स्थापन झालेल्या हमद मेडिकल कॉर्पोरेशनचे मुख्य रुग्णालय १९८२ मध्ये कार्यरत झाले. म्हणजे आधुनिक रुग्णालये उभी राहिली तेव्हा ज्यांना कानाच्या वैद्याची सर्वाधिक गरज होती, त्या घैसांचा व्यवसाय संपुष्टात आला होता. आज सरकारी सेवेतील कानाच्या तज्ज्ञाकडे जाण्यासाठी रहिवाशाला सामान्यतः हेल्थ कार्ड घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना भेटावे लागते आणि त्यांच्या शिफारसपत्रावर पुढची वेळ मिळते. खासगी दवाखान्यांत मात्र थेट जाता येते.