फुटबॉलपटूंच्या पाऊल व घोट्याच्या दुखापती

फुटबॉलपटूंच्या पाऊल व घोट्याच्या दुखापती : व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या पावलाची व घोट्याची हाडे, अस्थिबंध आणि कंडरा यांना खेळताना होणाऱ्या इजा. भरवेगात एकाएकी दिशा बदलणे, उडीनंतर एका पायावर उतरणे आणि प्रतिस्पर्ध्याशी टक्कर होणे ही त्यांची प्रमुख कारणे होत.

घोटा मुरगळणे : पाऊल आतल्या बाजूस वळून घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणला जाणे वा तुटणे हा नित्याचा प्रकार असून, बहुतेक खेळाडू शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. पोटरीतील दोन हाडांची खालची टोके जखडून ठेवणारा बंध फाटल्यास मात्र विश्रांतीची मुदत पुष्कळ वाढते. वर्षानुवर्षांच्या आघातांनी सांध्याच्या पुढील कडेवर हाड वाढून हालचालीस अटकाव होतो. या विकाराचे विवेचन लिव्हरपूलचे अस्थिशल्यज्ञ टी. पी. मॅकमरी यांनी १९५० मध्ये ‘फुटबॉलपटूचा घोटा’ या नावाने केले.

प्रपदास्थींचे भंग : पावलाच्या मध्यभागापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणाऱ्या पाच लांब हाडांपैकी करंगळीकडील पाचव्या हाडाचा भंग शल्यज्ञांस विशेष चिंतेचा वाटतो. नृत्य करताना स्वतःच्याच पावलाचे हे हाड मोडल्यावर लिव्हरपूलचेच सर रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्यास ‘जोन्स भंग’ म्हणतात. तेथील रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे हाड सांधण्यास विलंब लागतो, क्वचित ते सांधतच नाही, अथवा सांधून पुन्हा मोडते. यास्तव व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत हाडाच्या पोकळीत स्क्रू बसविण्याकडे कल असतो. ब्राझीलचा नेमार यास फेब्रुवारी २०१८ मध्ये हा भंग झाला, मार्चच्या आरंभी शस्त्रक्रिया झाली आणि ३ जून रोजी तो पुन्हा मैदानात उतरला. परंतु जानेवारी २०१९ मध्ये त्याच हाडास पुन्हा इजा झाली. उलटपक्षी, इंग्लंडच्या डेव्हिड बेकहॅमचे दुसरे प्रपदास्थी १० एप्रिल २००२ रोजी मोडले असता जूनच्या आरंभी तो विश्वचषकात खेळला, आणि वेन रूनी याचे चौथे २९ एप्रिल २००६ रोजी मोडले असता तोही १५ जून रोजी विश्वचषकात उतरला. बुटांची हलकी बांधणी या भंगांस कितपत जबाबदार आहे, याविषयी मतैक्य नाही.

टाचेची कंडरा : मार्च २०१० मध्ये ही कंडरा तुटल्याने बेकहॅम त्या वर्षीच्या विश्वचषकास मुकला.

पुनरागमन : सूज व वेदना ओसरल्यावर प्रथम सांध्याची हालचाल, मग पोटरीचे बळ व एका पायावरील तोल, पुढे सरळ धावणे आणि अखेरीस वळणे, उडी व चेंडूसह सराव, असा क्रम पाळला जातो, आणि खेळण्याची परवानगी केवळ लोटलेल्या दिवसांच्या हिशोबावर न देता, दोन्ही पायांच्या तुलनात्मक चाचण्या पाहून द्यावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. सर्वच घोटे पूर्ववत होतात असे नाही. नेदरलँड्सचा मार्को व्हॅन बास्टेन हा २६ मे १९९३ रोजी म्युनिक येथे अखेरचा सामना खेळला, आणि घोट्यावरील वारंवारच्या शस्त्रक्रियांनंतरही १९९५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यास निवृत्ती पत्करावी लागली.

प्रतिबंध : पूर्वी मुरगळलेल्या घोट्यास आधारपट्टी व तोलाचे नियमित व्यायाम उपयुक्त ठरतात.