डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला

विदर्भाचे कृषी विद्यापीठ. स्थापना 20 ऑक्टोबर 1969. मुख्यालय अकोल्यातील कृषीनगर. कार्यक्षेत्र विदर्भाचे अकराही जिल्हे. पश्चिमेकडे ही हद्द बुलढाणा जिल्ह्यात संपते आणि बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव अगदी तिच्या कडेला आहे. धाडहून भोकरदनची वाट धरली की लवकरच जालना जिल्हा लागतो आणि तिथला शेतकरी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे मोडतो. शिवेच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा ही पिके तीच. विद्यापीठे मात्र दोन. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे नवे वाण आणि शिफारशी दरवर्षी ‘जॉइंट ॲग्रेस्को’ या संयुक्त बैठकीत तपासल्या जातात, त्यामुळे धाडच्या शेतकऱ्याने परभणीचा वाण लावला तर त्यात वावगे काही नाही.

1968 मध्ये साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच कृषी विद्यापीठ निघाले, तेच पुढे राहुरीचे झाले. विदर्भाला स्वतंत्र विद्यापीठ हवे होते आणि ती मागणी आंदोलन करूनच पदरात पडली. परभणी आणि दापोलीची विद्यापीठे त्यानंतर, 1972 मध्ये आली. अकोल्याच्या विद्यापीठाला मिळालेला सर्वांत जुना वारसा म्हणजे 1906 चे नागपूरचे कृषी महाविद्यालय. पशुवैद्यक शाखा 2000 च्या सुमारास नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली. कृषी, उद्यानविद्या, वनविद्या, कृषी अभियांत्रिकी या शाखा इथे राहिल्या. ज्यांचे नाव विद्यापीठाला आहे ते पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख (1898–1965) अमरावती जिल्ह्यातील पापळचे. ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून परतलेल्या या माणसाने श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून खेड्यापाड्यांतल्या मुलांना शाळा-कॉलेज दिले, पुढे नेहरूंच्या मंत्रिमंडळात कृषी खाते सांभाळले. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या विद्यापीठाला याहून योग्य नाव सापडले नसते.

संशोधनात कोरडवाहू शेतीला पहिले स्थान आहे. देशी कपाशीचा एकेए 7, अमेरिकन कपाशीचा पीकेव्ही रजत, मर रोगाला सहसा बळी न पडणारा जाकी 9218 हरभरा, टपोऱ्या दाण्याचा पीकेव्ही काबुली 2, सोयाबीनचे पीडीकेव्ही यलो गोल्ड आणि पीडीकेव्ही अंबा ही नावे कृषी सेवा केंद्रांत रोज कानावर पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांचा जुना प्रश्न. विहिरीचे पाणी खारट, जमीन चिकण. त्यावरही इथे दीर्घकाळ काम चालू आहे. धाड घाटावर असल्याने या पट्ट्याबाहेर आहे.

बाया-बापड्यांच्या सर्वाधिक उपयोगी पडली ती ‘पीकेव्ही मिनी दालमिल’. रुळाच्या घर्षणाने तुरीच्या सालीवर ओरखडे येतात, मग दाणा ओलवून उन्हात वाळवतात आणि पुन्हा यंत्रातून काढला की साल सुटून डाळ मोकळी होते. गावातच डाळ झाली की चुनी-भुशीही घरच्या गोठ्यात जाते. बचत गटांनी हे यंत्र उचलले ते याचमुळे.

वाण प्रयोगशाळेतून थेट शेतात येत नाही. पैदासकार बियाणे विद्यापीठ तयार करते, त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बियाणे होते. अकोल्यातच मुख्यालय असलेल्या ‘महाबीज’ या राज्य बियाणे महामंडळाचा यात मोठा वाटा असतो. सोयाबीन मात्र स्वपरागित आहे. एकदा शुद्ध बियाणे आणले की पुढच्या हंगामाला घरचे चालते, अट एवढीच की उगवण तपासावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने गुंडाळावेत, गोणपाट ओलसर ठेवावे आणि आठवडाभरात कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक आले तर पेरणीस हरकत नाही. विद्यापीठाच्या सर्व शिफारशींत ही सर्वांत कमी खर्चाची आहे आणि तरीही दर जूनमध्ये कितीतरी घरांत ती राहून जाते.

धाडहून अकोला लांब पडते: बुलढाणा, बोथा घाट, खामगाव, बाळापूर असा रस्ता. जवळचा आधार म्हणजे विद्यापीठाचे बुलढाण्याचे कृषी विज्ञान केंद्र. वर्षातून एकदा मात्र अकोला गाठावेच. खरिपाची पिके उभी असताना विद्यापीठ शिवार फेरी भरवते. तेव्हा वाण शेजारी-शेजारी पाहता येतात आणि ज्यांनी ते काढले त्या शास्त्रज्ञांना बांधावरच विचारता येते. धाडच्या शेतकऱ्यांनी गट करून, एक गाडी ठरवून जावे आणि सोबत आपल्या शेतातले रोगट झाडही न्यावे.