नावाचं कॉलेज

आमच्या बस्तीत दर रविवारी दुपारी बायकांचा स्वाध्याय असतो. गेल्या चातुर्मासात निक्षेपाचा विषय निघाला. कुठल्याही गोष्टीकडं चार अंगांनी बघावं, असं आपले आचार्य सांगतात: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. पोराचं नाव राजा ठेवलं, तर तो नुसता नावाचा राजा. बुद्धिबळातला राजा हा स्थापनेचा. पूर्वी राज्य करून गेलेला किंवा उद्या गादीवर बसणारा, तो द्रव्याचा. आणि आज, या घटकेला खरोखर राज्य चालवतो, तो भावाचा राजा.

पुस्तक मिटलं, चटया गोळा झाल्या, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘‘काय हो, नातीला कुठं घातली?’’ मी बेळगावातल्या एका लहान कॉलेजाचं नाव सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. ‘‘मग पुण्याला नाही व्हय मिळालं?’’

मिळालं होतं. चांगलं नावाजलेलं कॉलेज होतं. तिकडं न जाण्याचं कारण त्या बाईंना दोन वाक्यांत सांगता येईना. ते आमच्या घरात फार जुनं आहे, म्हणून इथं लिहिते.

माझे काका आणि माझी आत्ती, दोघंही पुण्याला शिकले. काका एका नामांकित कॉलेजातून बी.ए. झाले. आत्ती बालविधवा. आजोबांनी समाजाचं ऐकून न घेता तिला कर्व्यांच्या संस्थेत ठेवली, आणि ती तिथून जी.ए. झाली. जी.ए. म्हणजे गृहीतागमा, कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची पदवी. घरात पाहुणे आले की आजी काकांची ओळख करून द्यायची, ‘‘हा आमचा बी.ए., पुण्याचा.’’ आत्तीबद्दल म्हणायची, ‘‘हिनं पण थोडं शिकलंय.’’ आत्ती पुढं मुलींच्या एका शाळेत शिकवायला लागली. तिथं तिला शेवटपर्यंत मॅट्रिकच्या पगारावर ठेवलं. पदवी मान्य नाही, एवढंच कारण.

लहानपणी मला वाटायचं, आत्तीची पदवी खोटी असणार. मोठी झाल्यावर मी हा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की खोटं काही नव्हतं. नुसतं नाव नव्हतं.

मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं. सुरुवातीला ते शिकवत नव्हतं. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढंच त्याचं काम. शिकवायचं कॉलेजांनी. एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन, पुढं 1885 साली फर्ग्युसन, सगळ्यांची मुलं बसायची एकाच परीक्षेला आणि मिळायची ती एकच पदवी. तरी लोक विचारायचे, कॉलेज कुठलं? म्हणजे नावाचं वेड काही आजच्या जाहिरातींनी लावलेलं नाही.

या मोठ्या नावांनी बायकांना काय दिलं, तेही बघू. कॉर्नेलिया सोराबजी ही मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली. शेवटच्या परीक्षेत ती कॉलेजात पहिली आली. अशा विद्यार्थ्याला विलायतेला जायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती बाई, म्हणून तिला नाकारली. मग हितचिंतकांनी पैसे जमवले आणि 1889 साली ती ऑक्सफर्डला गेली. 1892 साली तिथं कायद्याची परीक्षा देऊन ती उत्तीर्ण झाली. पदवी मात्र नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांना शिकू द्यायचं, परीक्षेला बसू द्यायचं, पण 1920 सालापर्यंत पदवी द्यायचं नाही. कॉर्नेलियाच्या हातात ती पडली 1922 साली, तीस वर्षांनी. केंब्रिजनं तर बायकांना पूर्ण पदवी द्यायला 1948 साल उजाडवलं. जगात याहून मोठी नावं कुठली?

आता कर्व्यांकडं येऊ. धोंडो केशव कर्वे स्वतः एल्फिन्स्टनचे पदवीधर. 1891 पासून 1914 पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. म्हणजे मोठ्या नावाच्या आत राहून त्याचा गुण आणि दोष दोन्ही बघितलेला माणूस. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 साली तो गावाबाहेर हिंगण्याला एका झोपडीत नेला. तिथून ते पायी कॉलेजला जायचे. जपानातल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली, 1915 साली मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी आपली कल्पना मांडली आणि 1916 साली विद्यापीठ सुरू केलं. पहिल्या वर्गात मुली होत्या मोजून पाच.

या विद्यापीठाचं वेगळेपण काय? सगळं शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजी सक्तीचं, पण एक विषय म्हणून. आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र हेही पदवीचे विषय. बाईचं आयुष्य ज्या घरात जातं, त्या घराचंही शास्त्र असतं, हे कर्व्यांनी मानलं. मुलींना घरातच बसवायचा हा बेत, असं कुणी म्हणेल, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण ज्या मुलींना इंग्रजीच्या उंबऱ्यावर अडवलं असतं, त्या मराठीतून कॉलेजच्या वर्गात पोचल्या, हे विसरून चालणार नाही.

सरकारची सनद नाही. मुंबई विद्यापीठ ही पदवी मानायला तयार नाही. पैशाचीही ओढाताण. कर्व्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, इंग्रजी मोडकंतोडकं येत असताना 1918 साली अमेरिकेला गेल्या. लोकांच्या घरी काम करून राहिल्या आणि संस्थेसाठी निधी गोळा केला. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. दारावर एका बाईचं नाव आलं, तिजोरीत पैसा आला, पण पदवीची मान्यता काही आली नाही. कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा मिळाला 1951 साली, पहिल्या वर्गानंतर पस्तीस वर्षांनी. त्या पस्तीस वर्षांत शिकलेल्यांत आमची आत्ती होती.

काकांना मी त्यांच्या म्हातारपणी एकदा विचारलं, तुमच्या कॉलेजात शिकवायचे कसे? काकांनी प्राध्यापकांची नावं घडाघडा सांगितली, मोठमोठी माणसं. मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘वर्गात दीडशे पोरं असायची. चार वर्षांत एकानंही माझं नाव विचारलं नाही बघ.’’ आत्ती गेल्यावर तिची पत्र्याची पेटी माझ्याकडं आली. तिच्यात तिच्या कॉलेजच्या वह्या होत्या. हृदयाची आकृती, तिच्यातल्या कप्प्यांना मराठी नावं, पाणी दूषित कसं होतं त्याची टिपणं. पानापानावर लाल शाईनं शिक्षिकेनं दुरुस्ती केलेली. एका समासात लिहिलंय, ‘हे पुन्हा समजून घेणे, उद्या मला भेटणे.’

पटकीच्या साथीत आमच्या गल्लीतल्या बायकांना पाणी उकळायला लावणारी हीच आत्ती होती. मला बीजगणित तिनंच शिकवलं. काकांच्या पदवीची चौकट दिवाणखान्यात होती. आत्तीची पेटीत, वह्यांच्या खाली.

नावाला काहीच किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. काकांना त्या दोन अक्षरांवर सरकारी नोकरी मिळाली, तिच्यावर आमचं घर चाललं. आत्तीनं नाव नसल्याची किंमत दर महिन्याच्या पगारात मोजली. निक्षेपातसुद्धा नाम टाकून दिलेलं नाही, व्यवहार त्याच्यावाचून चालत नाही. चूक होते ती नामालाच भाव समजण्यात. कॉलेजचं नाव हा नामनिक्षेप. दगडी इमारत ही स्थापना. पूर्वी कोण थोर माणसं तिथं शिकून गेली, ते द्रव्य. आज सकाळी अकराच्या तासाला वर्गात काय चाललंय, तो भाव. आपण पहिल्या तिन्हींची चौकशी करतो आणि चौथ्याची करायची राहून जाते.

आणि नावंही जन्मतः मोठी नसतात. कर्व्यांनी पाच मुलींचा वर्ग काढला त्याच 1916 साली इथं बेळगावात सात तरुण शिक्षकांनी मिळून के.एल.ई.ची शाळा काढली. लोक त्यांना सप्तर्षी म्हणतात. त्या संस्थेचं लिंगराज कॉलेज निघेपर्यंत, म्हणजे 1933 पर्यंत, इथल्या मुलांना धारवाड, सांगली, कोल्हापूर नाहीतर पुणं गाठावं लागायचं. आज त्याच संस्थेचं नाव बघून लोक लांबून बेळगावला येतात.

नातीच्या वेळी मुलानं उसाचा एक तुकडा विकायची तयारी केली होती. हॉस्टेल, फी, सगळा हिशेब मांडला होता. मी एवढंच म्हटलं, जमीन जाऊ दे, पण पोरीला आधी दोन्हीकडं जाऊन बघू दे. ती पुण्याला दोन दिवस मैत्रिणीकडं राहिली आणि तिच्याबरोबर कॉलेजात हिंडली. परत आल्यावर सांगायला लागली, ‘‘आज्जी, प्रयोगशाळा केवढी मोठी! पण एका टेबलाला दहाजण. एक प्रयोग करतो, बाकीचे आकडे उतरवून घेतात.’’ मग इथल्या कॉलेजात गेली. खोली लहान, भिंतीला ओल. पण प्रत्येकीच्या हातात आपली ब्युरेट. आणि मॅडमनी पहिल्यांदा विचारलं काय, तर ‘‘नाव काय गं तुझं?’’

निर्णय तिनंच घेतला. पुढं नोकरीच्या वेळी लहान कॉलेजचं नाव आडवं येईल, हेही मी तिला सांगितलंय. आत्तीच्या पगाराची गोष्ट लपवून ठेवली नाही. ती म्हणाली, ‘‘एम.एस्सी.ला बघू की पुणं.’’ जमीन तेवढ्यापुरती राहिली.

गेल्या आठवड्यात तिनं आपली वही दाखवली. एका पानावर लाल शाईनं खूण होती. मी चष्मा लावून वाचलं. ‘आकडा चुकलाय, उद्या परत करणे.’ मी उठले आणि आत्तीची पेटी उघडून तिच्या हातात दिली.