अमेरिकन पावलीवरचे घोडे



तुमच्या गाडीच्या कप होल्डरमध्ये किंवा स्वयंपाकघरातल्या एखाद्या जुन्या डब्यात पंचवीस सेंटची नाणी पडलेली असतील. आपल्या आजी-आजोबांच्या भाषेत ही पावलीच. आज ती बाहेर काढा आणि त्यातले घोडे वेगळे करा. एक नाणं सोडलं, तर आजचं सगळं बोलणं याच चिल्लरीतून होणार आहे.

१९९९ ते २००८ या दहा वर्षांत अमेरिकेच्या टांकसाळीने पन्नास राज्यांची पन्नास नाणी काढली. वर्षाला पाच, आणि क्रम राज्यं संघराज्यात आली त्याप्रमाणे. छाप्याच्या बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन कायम आणि काट्याच्या बाजूला राज्याने निवडलेलं चित्र. त्यात घोडा ठळक दिसतो अशी चार राज्यं: डेलावेअर, केंटकी, नेवाडा आणि वायोमिंग. चारही नाण्यांवर घोड्याच्या जातीचं नाव नाही. पण प्रत्येक राज्याने घोड्याकडून वेगळं काम करून घेतलं आहे, आणि त्याच्या गोष्टीतलं काय नाण्याबाहेर ठेवलं तेही पाहण्यासारखं आहे.

डेलावेअरचं नाणं पहिलं, १९९९ चं. त्यावर भरधाव घोड्यावर बसलेला माणूस दिसतो. बरेच लोक त्याला पॉल रिव्हिअर समजतात, पण तो सीझर रॉडनी. जुलै १७७६ मध्ये फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान होतं आणि डेलावेअरचे हजर असलेले दोन प्रतिनिधी एकमेकांच्या विरुद्ध मताचे होते. दमा आणि चेहऱ्यावर कर्करोग असलेला रॉडनी डोव्हरहून सुमारे ८० मैल वादळी रात्रीतून आला, आणि २ जुलैला त्याच्या मताने डेलावेअरचं पारडं स्वातंत्र्याच्या बाजूला झुकलं. इथे घोडा म्हणजे वाहन, बाकी काही नाही. हे नाणं ७७ कोटींहून जास्त पाडलं गेलं, त्यामुळे तुमच्या डब्यात ते असणारच.

केंटकीच्या नाण्यापाशी मात्र थोडं थांबू या. २००१ सालचं हे नाणं. बार्ड्‌सटाउन गावातला फेडरल हिल नावाचा वाडा, पुढे कुंपण आणि कुंपणाआड एक थरोब्रेड घोडा. ही शर्यतीची जात इंग्लंडमध्ये तयार झाली. आजच्या कुठल्याही थरोब्रेडच्या बापाची, आज्याची, पणज्याची ओळ धरून मागे जात राहा, शेवटी तीनपैकी एका घोड्यापाशी पोहोचाल: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन किंवा गोडॉल्फिन अरेबियन. म्हणजे इंग्रजांनी अभिमानाने मिरवलेल्या जातीचे मूळपुरुष पूर्वेकडून आणलेले. केंटकीच्या चुनखडीच्या जमिनीतल्या गवतात कॅल्शियम भरपूर, त्यामुळे घोड्यांची हाडं बळकट होतात, असं तिथले घोडेवाले सांगतात.

नाण्यावर वाड्याशेजारी स्टीफन फॉस्टरच्या १८५३ च्या गाण्याचं नाव कोरलं आहे, ‘माय ओल्ड केंटकी होम’. दरवर्षी केंटकी डर्बीला हजारो लोक उभं राहून ते गातात आणि डोळे पुसतात. गाणं मुळात गुलाम माणसाचं आहे. त्याला दक्षिणेकडे विकलं गेलंय आणि तो आपल्या घराचा निरोप घेतोय. राज्यगीत म्हणून ते १९२८ मध्ये स्वीकारलं गेलं, त्या वेळी त्यातला काळ्या लोकांसाठीचा अपमानकारक शब्द तसाच होता. १९८६ मध्ये पाहुण्या जपानी विद्यार्थ्यांनी विधिमंडळात मूळ शब्दांसह ते गाणं गाऊन दाखवलं, तेव्हा कुठे तो शब्द बदलायचं ठरलं. पाहुण्यांच्या तोंडून ऐकल्यावरच घरच्यांना ऐकू आलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता त्या कुंपणाआडच्या घोड्याकडे पुन्हा बघा. नाण्यावर घोडा आहे, वाडा आहे, माणूस नाही. १८७५ च्या पहिल्या डर्बीत १५ घोडे धावले आणि त्यातल्या १३ घोड्यांवर काळे जॉकी होते. जिंकलेल्या अ‍ॅरिस्टायडीस घोड्यावर ऑलिव्हर लुईस होता, आणि त्याला तयार करणारा अ‍ॅन्सेल विल्यमसन हा जन्माने गुलाम. आयझॅक मर्फीने तीनदा डर्बी जिंकली. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ काळ्या जॉकींनी जिंकल्या. पुढे वर्णभेदाचे कायदे आले, गोऱ्या जॉकींनी भर शर्यतीत त्यांना कुंपणावर दाबायला सुरुवात केली आणि मालकांनी घोडे देणं बंद केलं. १९०२ मध्ये जिमी विंकफील्ड जिंकला, त्यानंतर आजतागायत एकही काळा जॉकी डर्बी जिंकलेला नाही. घोड्यांच्या वंशावळ्या मात्र याच काळात बारकाईने लिहून ठेवल्या जात होत्या.

वायोमिंगचं २००७ चं नाणं म्हणजे उधळलेला घोडा आणि त्यावरचा काउबॉय. तपशील नाहीत, नुसती बाह्याकृती. हेच चित्र त्या राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर १९३६ पासून आहे. हा घोडा म्हणजे स्टीमबोट नावाचा रोडिओतला गाजलेला घोडा, असं तिथले लोक मानतात. नाकाला इजा झाल्याने श्वास घेताना तो बोटीसारखी शिट्टी घालायचा, म्हणून ते नाव. एमबीएला आम्हाला ब्रँड म्हणजे काय हे शिकवायला एक अख्खं सत्र घेतलं होतं. हे नाणं दाखवलं असतं तर अर्ध्या तासात काम झालं असतं.

आणि आता नेवाडा, २००६. बर्फाच्छादित डोंगर, मागे उगवता सूर्य, आजूबाजूला सेजब्रशची झुडपं आणि मधून धावणारे तीन मस्टँग. नेवाडाच्या लोकांनी मत देऊन हे चित्र निवडलं. साहजिकच आहे, देशातल्या मोकळ्या घोड्यांपैकी निम्म्याहून जास्त याच राज्यात राहतात.

मस्टँग हा शब्द स्पॅनिशमधून आला. बेवारशी, कळपातून भटकलेलं जनावर असा त्याचा मूळ अर्थ, म्हणजे आपल्याकडचं मोकाट जनावर. आणि मोकाट जनावराचं आपल्याकडे जे होतं तेच इथेही झालं. विसाव्या शतकात त्यांना ट्रकने, विमानाने पळवून दमवायचे, पकडायचे आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी कत्तलखान्यात पाठवायचे. १९५० मध्ये रीनो शहरात नोकरी करणाऱ्या वेल्मा जॉन्स्टन कामावर जाताना पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना पाहून त्याच्या मागे गेल्या. आत घोडे होते. पुढची वीस वर्षं या बाईंनी त्यासाठी घालवली. विरोधकांनी त्यांना चिडवायला ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ म्हटलं, आणि त्यांनी तेच नाव लावलं. शाळकरी मुलांनी काँग्रेसला पत्रांचा पाऊस पाडला. १९७१ मध्ये एकही विरोधी मत न पडता कायदा झाला आणि हे घोडे पश्चिमेचं जिवंत प्रतीक ठरले.

इथवर गोष्ट गोड आहे. अडचण पुढे आहे. कळप मोकळे सोडले तर दर चार-पाच वर्षांनी दुप्पट होतात. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या हिशोबाने त्या जमिनींवर २०२० मध्ये सुमारे २७ हजार घोडे आणि गाढवं राहू शकत होती, आणि तेव्हा त्यांचा अंदाज ९५ हजारांवर गेला होता. पाणी कमी, चारा कमी, त्यात गुरंवाल्यांच्या गाईही त्याच कुरणात. मग हेलिकॉप्टरने कळप हाकून आणतात आणि सरकारी कोंडवाड्यात ठेवतात. कोंडवाडाच म्हणायला हवं, दुसरा शब्द नाही. आत गेल्यावर मानेवर डाग देतात, पण तापवून नव्हे, तर द्रव नायट्रोजनने गार केलेल्या शिक्क्याने. तिथे पांढरे केस उगवतात आणि तो घोड्याचा आयुष्यभराचा नंबर होतो. साधारण सव्वाशे डॉलर भरून तुम्हीही एक दत्तक घेऊ शकता. अशा कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत अलीकडच्या काळात साठ हजारांच्या घरात जनावरं आहेत. नाण्यावर तीनच घोडे आहेत, आणि तिघेही मोकळे.

वादाचं मूळ एका प्रश्नात आहे: मस्टँग इथला की बाहेरचा? कायदा त्याला रानघोडा म्हणतो. बरेच जीवशास्त्रज्ञ म्हणतात, हा पाळीव घोडा आहे, सुटून रानटी झालेला, स्पॅनिश रक्तात पुढे सैन्याचे आणि शेतकऱ्यांचे घोडे मिसळलेला. तिसरी बाजू म्हणते, घोड्याचं कूळच मुळी उत्तर अमेरिकेत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं. इथून तो आशियात गेला आणि इथला साधारण दहा हजार वर्षांपूर्वी संपला. मग १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत तो जहाजातून परत आला. परत आलेल्याला परका म्हणायचं का? हा प्रश्न ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल, पण तिथल्या कुरणात यावर कोर्टकचेऱ्या चालतात.

जात ठरवण्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे. भीमेच्या थडीचा भीमथडी घोडा मराठ्यांच्या घोडदळात होता, स्थानिक तट्टू आणि बाहेरून आलेले घोडे यांच्या मिश्रणातून झालेला. इंग्रजी राजवटीत तो मागे पडला, पण भटके धनगर मेंढरांबरोबर बिऱ्हाड लादायला त्याला सांभाळत राहिले. सरकारी दफ्तरी त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद अगदी अलीकडची. आमच्या आयटीच्या धंद्यात रकान्यात नाव नसलं की वस्तू असूनही नसते, तसं त्याचं इतकी वर्षं झालं होतं.

राहिलं ते नाणं जे तुमच्या डब्यात बहुतेक नसेल: २०१२ चा एक डॉलर. पुढे साकागावीआ, मागे एका मूलनिवासी पुरुषाचा आणि घोड्याचा एका बाजूने दिसणारा चेहरा, आणि त्यामागे धावणारे घोडे. विषय आहे सतराव्या शतकातले व्यापारी मार्ग. १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोत उतरला तेव्हा त्याच्याकडे १६ घोडे होते. बर्नाल दियास या त्याच्या सैनिकाने पुढे त्या घोड्यांचे रंग आणि मालक आठवून लिहून ठेवले. १६८० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी स्पॅनिशांना हाकलून दिलं आणि तेव्हा सुटलेले घोडे उत्तरेकडे पसरले, असं पुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. मूलनिवासी वडीलधारे म्हणत होते की घोडे आमच्याकडे त्याआधीच होते. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जुन्या हाडांचा अभ्यास आला. त्याच्या लेखकांत मूलनिवासी अभ्यासकही होते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच, गोरा माणूस पोहोचण्याआधी, घोडे मैदानी प्रदेशात आणि रॉकी पर्वतात पोहोचले होते. एका जमातीकडून दुसरीकडे, देवाणघेवाणीतून. पुढे नेझ पर्स लोकांनी ठिपक्यांचा अपालूसा घोडा जोपासला. पलूस नदीवरून ते नाव, सांगलीचं पलूस नव्हे. १८७७ च्या युद्धानंतर सैन्याने त्यांचे घोडे काढून घेतले.

म्हणजे घोडा माणसापर्यंत कसा पोहोचला हे सांगणारं नाणं २०१२ मध्ये निघालं, आणि त्याच वर्षापासून टांकसाळीने हे डॉलर व्यवहारासाठी काढणं थांबवलं. ते फक्त संग्राहकांना विकले गेले.

शोधायला निघालात तर दोन गोष्टी सांगतो. टीव्हीवर सोन्याचा मुलामा दिलेले किंवा रंगवलेले राज्यांचे संच विकतात, ते घेऊ नका. संग्राहक त्यांना खराब केलेली नाणीच समजतात. वापरलेली साधी पावली पंचवीस सेंटचीच आहे, तशीच ठेवा. आणि घासूनपुसून चकचकीत तर अजिबात करू नका. केंटकीच्या नाण्यावरच्या घोड्याचे पाय आधीच फार बारीक आहेत.