मारिएन्थालची शिदोरी

घरातील कर्त्या माणसाची नोकरी गेली की प्रथम काय कमी होते, असे विचारल्यास आपण ‘पैसा’ असे उत्तर देऊ. ऑस्ट्रियातील एका लहान गावाचा इतिहास या उत्तरात मोलाची भर घालतो. म्हणून तो वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

व्हिएन्ना शहराच्या आग्नेयेस मारिएन्थाल ही गिरणी-वसाहत आहे. १८३० साली उभ्या राहिलेल्या कापडगिरणीवर सारे गाव जगत असे. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबांत कमावते कोणी उरले नाही. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल या संशोधकांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

बेकारभत्ता दर चौदा दिवसांनी मिळे. पुढे तो घटे व अखेर बंद होई. संशोधकांनी शाळकरी मुलांच्या शिदोऱ्या पाहिल्या. भत्ता मिळण्याच्या आदल्या दिवशी अनेक मुलांजवळ कोरडा पाव असे किंवा काहीच नसे. भत्त्याच्या दुसऱ्या दिवशी शिदोरी पुन्हा भरलेली दिसे. आई-वडील स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन मुलांना जपत, तरीही हा चढउतार त्यांना टाळता आला नाही.

परंतु आम्हांस अधिक अस्वस्थ करते ती नाताळच्या भेटींची नोंद. मुलांना आपापल्या इच्छा लिहावयास सांगितले होते. मारिएन्थालच्या मुलांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत शेजारच्या गावांतील मुलांच्या मागण्यांच्या जेमतेम एक-तृतीयांश भरली. कित्येकांनी तर ‘आई-बाबांजवळ पैसे असते तर’ अशा अर्थाची सुरुवात करूनच इच्छा लिहिली. घरातील चिंता कोणी न सांगता मुलांनी ओळखली होती.

अभ्यास सुरू झाला त्याच १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात, कामगाराचे वेतन त्याच्या कुटुंबाच्या गरजा भागविण्याइतके असावे, असे प्रतिपादन केले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातील घरांनीही बंद गिरणीची झळ सोसली. म्हणून नोकरी गेलेल्या घरी आपण सांत्वनास जातो, तेव्हा मुलांच्या शाळेच्या फीइतकीच त्यांच्या डब्याचीही विचारपूस करावी. मूल काही मागत नाही, एवढ्यावरून त्याला काही नको आहे, असे समजू नये.