पॅरिस–रूबे

उत्तर फ्रान्समधील व्यावसायिक सायकलपटूंची एकदिवसीय शर्यत. सुरुवात १८९६. साधारण २६० किलोमीटरच्या वाटेत सुमारे ५५ किलोमीटर जुन्या दगडी फरसबंदीचे असतात. सायकलिंगच्या जगात ज्या पाच जुन्या एकदिवसीय शर्यती सर्वांत मानाच्या समजल्या जातात, त्यांतली ही एक. एप्रिलमधल्या एका रविवारी ती भरते. नावात पॅरिस असले तरी १९७७ पासून ती पॅरिसच्या ईशान्येला असलेल्या काँपिएन्य गावातून सुटते.

रूबे हे एकेकाळचे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात सूतकताई आणि विणकामावर ते फुगले, शेजारच्या बेल्जियममधून मजूर आले आणि गिरणीमालकांच्या हाती पैसा खेळू लागला. सुरतेत उधना-लिंबायतच्या कारखान्यांभोवती ज्यांची घरे उभी राहिली, त्या खानदेशी मराठी वाचकांना या गावाची घडण वेगळी समजावून सांगायला नको. धागा लोकरीचा की कृत्रिम, एवढाच फरक. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी १८९५ मध्ये रूबेत सायकलींसाठी धावपट्टी बांधली. तिच्याकडे लोकांचे लक्ष वळावे म्हणून पॅरिसहून निघून तिथे संपणारी शर्यत त्यांनी पॅरिसच्या एका क्रीडा दैनिकाला सुचवली. पहिले बक्षीस हजार फ्रँकचे, म्हणजे तिथल्या खाणकामगाराच्या सुमारे सात महिन्यांच्या मजुरीएवढे. १९ एप्रिल १८९६ रोजी जर्मनीचा योझेफ फिशर ते जिंकला. पुढचा जर्मन विजेता थेट २०१५ मध्ये आला : जॉन डेगेनकोल्ब.

‘उत्तरेचा नरक’ हे टोपणनाव दगडांमुळे पडले असा सर्वसाधारण समज आहे, पण ते पहिल्या महायुद्धाचे आहे. १९१९ मध्ये शर्यत पुन्हा भरवण्याआधी तिच्या मार्गाची पाहणी करायला गेलेल्यांना चिखल, तोफगोळ्यांचे खड्डे आणि जळक्या झाडांचे बुंधे दिसले, आणि तेच वर्णन पुढे चिकटले. दगडांचे त्या काळी कोणाला अप्रूप नव्हते. तिकडचे रस्तेच तसे होते.

अप्रूप आले ते दगड संपू लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावच्या महापौरांनी डांबर टाकायचा सपाटा लावला. दूरदर्शनवर आपल्या गावचा खडबडीत रस्ता दिसणे त्यांना कमीपणाचे वाटे. १९६५ च्या शर्यतीत जेमतेम २२ किलोमीटर फरसबंदी उरली होती. मग आयोजकांपैकी आल्बेर बूव्हे आणि माजी विश्वविजेता झाँ स्ताब्लिन्स्की शेतांमधल्या विसरलेल्या वाटा शोधत फिरले. स्ताब्लिन्स्कीने सुचवलेला आरेनबर्गच्या जंगलातला सरळसोट रस्ता १९६८ मध्ये पहिल्यांदा वापरला गेला. तरुणपणी त्याच भागातल्या कोळसा खाणीत तो राबला होता. ज्या रस्त्याखाली काम केले, त्यावरूनच तो शर्यतीत धावला. आज या वाटांची डागडुजी स्वयंसेवकांची एक संघटना करते. आरेनबर्गच्या दगडांमधले गवत काढायला २०२४ मध्ये चक्क शेळ्या सोडल्या होत्या.

आपल्याकडे लांब पल्ल्याची सायकल शर्यत म्हटली की मुंबई–पुणे आठवते आणि बोरघाटात पहिला चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब. रूबेच्या वाटेवर घाट नाही, नाव घेण्याजोगी चढणही नाही. त्यामुळे इथे हलक्या अंगाच्या चढाईपटूंपेक्षा दणकट, वजनदार गडी पुढे येतात. फरसबंदीचे साधारण तीस टप्पे असतात आणि त्यांचे क्रमांक उलटे, उतरत्या क्रमाने लावतात. अवघडपणानुसार एक ते पाच तारे. पाच तारे फक्त आरेनबर्ग, मोंझ-आँ-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र या तीन टप्प्यांना. सायकलीचे टायर रुंद घेऊन हवा कमी ठेवतात, नाहीतर चाक दगडांवर उडत राहते आणि जोर वाया जातो. पावसात दगड निसरडे होतात, उन्हात धूळ डोळ्यांत जाते. बेल्जियमच्या योहान म्युसेउवची गुडघ्याची वाटी १९९८ मध्ये आरेनबर्गमध्ये फुटली आणि जखम चिघळून पाय जायची वेळ आली. दोन वर्षांनी तोच जिंकला आणि रेषा ओलांडताना त्याने तो गुडघा उचलून दाखवला.

सर्वाधिक, प्रत्येकी चार विजय रॉजर दे व्ह्लामिंक आणि टॉम बोनेन या बेल्जियनांचे. नेदरलंड्सचा मॅथ्यू व्हान डर पूल २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे जिंकला. विजेत्याला फरसबंदीचा एक दगड देतात. १९४३ पासून शेवट रूबेच्या आताच्या धावपट्टीवर होतो. अपवाद १९८६ ते १९८८ चा, तेव्हा अंतिम रेषा पुरस्कर्त्या कंपनीच्या दारासमोर होती. ‘ला रेदूत’ ही ती कंपनी टपालाने कपडे विकत असे, आणि तिचे मूळही रूबेतल्या सूतगिरणीतच.

करोनामुळे २०२० ची शर्यत झाली नाही आणि २०२१ ची ऑक्टोबरपर्यंत लांबली. त्याच वर्षी महिलांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी तिच्या वाटेत आरेनबर्ग नव्हते. ब्रिटनची लिझी डायग्नन सुमारे ८० किलोमीटर एकटीने पुढे राहून जिंकली. सायकलीच्या हँडलला तिच्या तळहातांचे रक्त लागले होते. बक्षीस १,५३५ युरो मिळाले. दुसऱ्या दिवशी पुरुषांत जिंकलेल्या इटलीच्या सोनी कोलब्रेल्लीला ३०,०००. फरकाची रक्कम डायग्ननला तिच्या संघाने दिली.