दिनविशेष : ७ जुलै
मशिनगनमागचा दंतवैद्य

१९४४ साली आजच्या दिवशी प्रशांत महासागरातील सायपान बेटावर कॅप्टन बेन सॅलोमन हा अमेरिकी लष्करातील दंतवैद्य धारातीर्थी पडला.

जन्म १९१४, मिलवॉकीचा. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन त्याने दवाखाना थाटला. १९४० मध्ये सक्तीच्या भरतीत तो गेला पायदळातला साधा शिपाई म्हणून! नेमबाजीत तरबेज झाला, सार्जंट झाला. दंतवैद्यक शाखेत बदलीचा हुकूम आला तेव्हा त्याला पायदळ सोडवत नव्हते.

सायपानवर बटालियनचे डॉक्टर जखमी झाले आणि त्यांची जागा सॅलोमनने आपणहून घेतली. ७ जुलैच्या पहाटे हजारो जपानी सैनिकांनी निकराचा हल्ला चढवला. आघाडीच्या अगदी मागेच उपचारांचा तंबू होता. शत्रू थेट आत घुसला. जखमींना मागे न्यायला सांगून सॅलोमन एकटाच मशिनगनवर बसला. पुढे त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा समोर ९८ जपानी सैनिक मरून पडले होते. त्याच्या अंगावर ७६ गोळ्यांच्या जखमा होत्या.

एवढ्या पराक्रमासाठी ‘मेडल ऑफ ऑनर’ या सर्वोच्च अमेरिकी शौर्यपदकाची शिफारसही नाकारली गेली. रेडक्रॉसची पट्टी बांधलेल्याने शस्त्र उचलले, हे कारण! वास्तविक रुग्णांच्या रक्षणासाठी शस्त्र वापरण्याची मुभा जिनिव्हा करारातच आहे. त्याच्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी डॉ. रॉबर्ट वेस्ट यांनी १९९८ मध्ये प्रकरण पुन्हा लावून धरले. अखेर १ मे २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सॅलोमनला मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ प्रदान केले.